डूसूर मॅडमचा प्रॅक्टिकलचा गुरुवार

डूसूर मॅडमनी हेडमास्तरांचं डोकं कुदळीनं फोडलं, ही बातमी एर्डूच्या आईच्या कढईपाशी जन्माला आली आणि चवळीच्या वड्यांचा पहिला घाणा निघेपर्यंत तिला दात फुटले. कढईपाशी तीन टाके होते. गाडीतळावर ते सात झाले. बुरुकुटूच्या छपराखाली ज्वारीची ती आंबट दारू भोपळ्याच्या कटोऱ्यांनी दोन-दोनदा पोटात गेल्यावर हेडमास्तरांना मकुर्डीच्या मोठ्या इस्पितळात हलवलं, आणि एकानं तर त्यांच्या बायकोला रडताना पाहिलंसुद्धा. तीच बायको त्या वेळी समोरच्या दुकानात मीठ घेत होती आणि मिठाच्या मापावरून भांडत होती.

खरं सांगायचं तर हेडमास्तरांच्या, म्हणजे ओर्कुमा सरांच्या, डोक्याला धक्काही लागला नव्हता. ते होतं तसंच होतं, आतून आणि बाहेरून. डूसूर मॅडमनी त्यांना कुदळ मारली नाही. त्यांच्या हातात दिली. चाळीस मुलांसमोर दिली. आमच्या तिव लोकांत डोकं फोडलेलं बरं, जखम तरी भरते.

ही डूसूर अकाआ म्हणजे अकाआ बागाइतदाराची थोरली मुलगी. अंगानं काटकुळी, चालणं असं की रस्त्यावरच्या बकऱ्या आपणहून बाजूला होतात. त्याच सरकारी शाळेत ती शिकली आणि चार वर्षांपूर्वी तिथेच शेतीशास्त्राची मास्तरीण होऊन आली. ती मुळात रागीट होती असं तिच्या चुलत्या सांगतात. पण चुलत्यांचं काय, त्यांना सगळ्याच पुतण्या रागीट दिसतात. तिचा राग कुठे सुरू झाला ते ती स्वतः एकदाच बोलली होती.

शाळेत असताना शेतीशास्त्रात ती पहिली आली होती. तेव्हा हा विषय त्सेगबा नावाचे मास्तर शिकवत. शिकवत म्हणजे काय, फळ्यापाशी खुर्चीवर बसून वाचून दाखवत आणि मुलं उतरवून घेत. परीक्षेच्या टेबलावर अ, ब, क, ड अशा चिठ्ठ्या लावलेल्या वस्तू मांडत. काय काय मांडणार ते मास्तर आदल्या दिवशीच मुलांना सांगत, म्हणजे कोणाचं मन दुखायला नको. डूसूरनं 'क' समोर लिहिलं होतं: 'डोळा भरण्याचा चाकू. उपयोग: डोळा भरण्यासाठी.' पैकीच्या पैकी मार्क मिळाले. पुढे ती कॉलेजात गेली, तिथेही वह्याच. पदवी घेऊन घरी आली तेव्हा बापानं बागेत नेलं, कलमासाठी वाढवलेली जंबेरी लिंबाची तीस खुंटं दाखवली, खिशातला चाकू काढून तिच्या हातावर ठेवला आणि म्हणाला, पोरी, तू शिकून आलीस, आता परक्या माणसाला कशाला बोलवू, यंदा संत्र्याचे डोळे तूच भर.

तिनं भरले: खुंटाच्या सालीत चीर देऊन एकेक डोळा आत बसवला, वर पट्टी बांधली. तीन आठवड्यांनी पट्ट्या सोडल्या तेव्हा तीसच्या तीस काळे पडलेले. निम्मे तर तिनं उलटे बसवले होते, कोंब जमिनीकडे. बाप ओरडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त खाली बसला आणि एकेक वाळलेला डोळा नखानं उचकटून तळहातावर गोळा करत राहिला. मग कधी शाळेचं तोंड न पाहिलेल्या म्हाताऱ्या अगेरला त्यानं परत बोलावणं धाडलं, आणि पदवीधर डूसूर दोन महिने त्या म्हाताऱ्याच्या मागे टोपली धरून फिरली. म्हाताऱ्यानं तिला पंधरा दिवस झाडाला हात लावू दिला नाही. नुसता चाकू पाजळायला लावला, नुसत्या तोडलेल्या काड्या सोलायला लावल्या. डोळ्याच्या आतल्या बाजूला बोट लागलं की काडी फेकून द्यायचा आणि शांतपणे म्हणायचा, हा मेला, पुढचा घे.

त्या दोन महिन्यांत डूसूरला कळलं, की आपल्याला कोणीतरी बारा वर्षं फसवलंय आणि वर मार्क दिलेत. तेव्हापासून तिच्या पोटात जो निखारा पडला तो विझलेला नाही.

शाळेत आल्यावर तिला त्सेगबा मास्तर त्याच खुर्चीत सापडले. वह्याही त्याच, फक्त पानं जास्त पिवळी. शेवटच्या वर्षाच्या दोन तुकड्या होत्या. एक मास्तरांकडे राहिली, एक तिला मिळाली. गुरुवारी दुपारी दोन तास प्रॅक्टिकलचे. आणि प्रॅक्टिकल म्हणजे काय, तर हेडमास्तरांचं शेत. मुलांनी घरून कुदळी आणायच्या, रांगेनं सरांच्या शेतावर जायचं, हंगामाप्रमाणे याम कंदासाठी मातीचे ढीग घालायचे नाहीतर शेंगदाण्याचं तण काढायचं, आणि हजेरीपटावर मास्तरांनी लिहायचं: 'प्रत्यक्ष कार्य झाले.' उशिरा येणाऱ्याला शिक्षा म्हणूनही तेच शेत. त्यामुळे शिक्षा कुठली आणि अभ्यास कुठला हे मुलांना शाळा सोडेपर्यंत उमगत नसे. शेती म्हणजे गुन्हा केल्यावर करायची गोष्ट, एवढं मात्र ती पक्कं शिकत. आणि हे कुठे, तर जिथून संत्र्यांचे ट्रक भरून कानो-लागोसपर्यंत जातात, त्या आमच्या गावात.

पहिली तीन वर्षं तिनं हेडमास्तरांशी गोडीगुलाबीनं घेतलं. म्हणजे तिच्या मानानं गोडीगुलाबीनं. एक गुरुवार त्यांचा, एक तिचा. शाळेमागच्या उकिरड्याच्या जागेवर तिनं जंबेरीची रोपं वाढवली. मुलांना अगेरसारखंच आधी काड्यांवर बसवलं. प्रत्येकानं आपल्या रोपाला आपल्या नावाची चिठ्ठी बांधायची, आणि एकविसाव्या दिवशी पट्टी आपल्याच हातानं सोडायची. पहिल्या वर्षी साठातले नऊ जगले. बाकी एक्कावन्न डोळ्यांसाठी तिनं कोणाला रागावलं नाही; प्रत्येकाला आपल्या मेलेल्या डोळ्यासमोर उभं करून, का मेला ते मोठ्यानं सांगायला लावलं. पट्टी सैल राहिली. आत माती गेली. लाकूड चिकटून राहिलं. उलटा बसवला. हा उलटा बसवणारा सापडला की तिचा चेहरा बघण्यासारखा होई.

त्यात ही एर्डू. वडेवालीची मुलगी, वर्गात तोंड न उघडणारी, वहीत दोन ओळी सरळ न लिहिणारी. तिच्या आईनं आधी शाळेत येऊन बराच गहजब केला होता, की मी पोरीला लेखणी धरायला पाठवते आणि तुम्ही तिच्या हातात सुरा देता, उद्या हिच्याशी लग्न कोण करणार. पण या वर्षी सरावाच्या काड्यांवर एर्डूचा हात असा चालायला लागला की डूसूर मॅडम तिच्या मागे उभ्या राहून नुसत्या बघत. या जूनमध्ये एर्डूची शाळा संपणार, पुढे कॉलेज वगैरे तिच्या घरात कोणाच्या स्वप्नातही नाही. बागाइतदार मात्र डोळे भरणारे शोधत दरवर्षी दूरदूर हिंडतात. हातात हे एक काम घेऊन ती शाळेबाहेर पडली तर पडली, नाहीतर आहेच कढई. आणि अशी एकटी एर्डूच नव्हती; एकोणतीस पोरं होती.

सराव होऊन चुकला होता. एप्रिलमध्ये पाऊस लागला, जंबेरीची साल सुटायला लागली. साल सुटते तेवढ्याच दिवसांत डोळा भरायचा. चार दिवस उशीर झाला तर साल धरून बसते आणि पुढचं काही आपल्या हातात राहत नाही. त्या गुरुवारी, नेमका मॅडमचा गुरुवार असताना, ओर्कुमा सरांचा निरोप आला: यामचे ढीग मागे पडलेत, दोन्ही तुकड्या शेतावर पाठवा. त्सेगबा मास्तरांनी आपली तुकडी निरोप संपायच्या आत पाठवली. डूसूर मॅडमनी निरोप्याला सांगितलं, मुलं कामात आहेत.

अर्ध्या तासानं सर स्वतः आले. इस्त्रीची विजार, चकचकीत बूट, मागे त्सेगबा मास्तर आणि शेताकडे निघालेल्या त्यांच्या तुकडीतली दहाएक पोरं, तमाशा चुकू नये म्हणून वळलेली. सरांनी रोपांकडे बघितलंही नाही. मुलांसमोरच त्यांनी मॅडमना सुनावलं, की यामचे ढीग घालणं हेही अभ्यासक्रमात आहे, पान नंबर सांगू का. प्रॅक्टिकल ते प्रॅक्टिकल, ते कुठे करायचं हे हेडमास्तर ठरवणार. आणि काही बायकांना चार रोपं लावली की आपण कृषिमंत्री झाल्यासारखं वाटतं.

काही पोरं हसली. एर्डू गुडघ्यावर बसून साल उचलत होती, तिचा हात थांबलेला डूसूर मॅडमना दिसला. उचललेली साल हवेत वाळली तर डोळा गेला. त्यांनी एर्डूला म्हटलं, तू थांबू नकोस. मग त्सेगबा मास्तरांच्या एका पोराच्या खांद्यावरची कुदळ उतरवली आणि सरांपुढे धरली.

"सर, अभ्यासक्रमात आहे ना, मग शिकवा. एक ढीग घालून दाखवा. माती कुठून ओढायची, वरची माती आत का जाते, बेण्याचं तोंड कुठल्या बाजूला ठेवायचं, सगळं सांगा. तुम्ही शिकवलंत तर मी स्वतः मुलांना घेऊन येते. नाही शिकवलंत तर त्याला प्रॅक्टिकल म्हणत नाहीत, वेठ म्हणतात."

आता इथे सर हसून निघून गेले असते तर सुटले असते. पण चाळीस पोरं बघत होती, आणि तिव पुरुषाला कुदळ दिल्यावर ती परत करणं म्हणजे काय हे तिथल्या लहानात लहान पोरालाही ठाऊक होतं. आमच्याकडे सासरे जावयाचं शिक्षण विचारत नाहीत, ढीग किती उंच घालतोस ते विचारतात. सरांनी कुदळ घेतली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांकडून ढीग घालून घेतलेल्या माणसानं चार घाव घातले, पाचव्याला कुदळ बुटाला चाटून गेली. माती एकाच बाजूनं ओढली, दुसऱ्या बाजूनं ती घसरली. सातआठ मिनिटांनी तिथे जे उभं राहिलं त्यात कोंबडीनं अंडं घातलं असतं, याम कोणी लावला नसता. घामानं शर्ट पाठीला चिकटला. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. सगळी पोरं मान खाली घालून उभी राहिली, जशी एखाद्याच्या घरी वाईट घडल्यावर राहतात.

सर कुदळ टाकून निघून गेले. डूसूर मॅडमनी मुलांकडे वळून सांगितलं, उन्हं उतरायच्या आत संपवायचं. त्या दिवशी अठ्ठावन्न डोळे भरले गेले.

दुसऱ्या दिवशी जाब विचारणारं पत्र आलं. वरिष्ठांचा अवमान, आदेशभंग, विद्यार्थ्यांना चिथावणी. विभागीय कार्यालयातून साहेब येऊन चौकशी करणार, अशा अशा तारखेला सकाळी नऊ वाजता हजर राहावे. डूसूर मॅडमनी बोटांवर मोजलं. ती तारीख एकविसावा दिवस होती.

मधल्या काळात गावानं त्यांना शहाणपणाचे डोस पाजायचं काही बाकी ठेवलं नाही. चर्चच्या पायऱ्यांवर बायांनी सांगितलं, माफी माग, पुरुषाचा मान पुरुषाला परत दे. बापानं मात्र एवढंच विचारलं, की पट्ट्या घट्ट बांधल्यात ना पोरांनी. त्सेगबा मास्तरांनी स्टाफरूममध्ये दयाळूपणानं समजावलं, की डूसूर, मी तुला शिकवलंय म्हणून सांगतो, नोकरी अशी करायची नसते. त्यावर न बोलण्यासाठी तिला खोलीबाहेर जावं लागलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी सात वाजता एकोणतीस मुलं रोपांपाशी हजर होती. मॅडमनी घाई केली नाही. एकेक पट्टी, एकेक नाव. हिरवा. हिरवा. काळा, का रे? खाली पाणी शिरलं, मॅडम. हिरवा. एर्डूचे दोन्ही हिरवे होते. तिनं पट्टी सोडली, बघितलं आणि पट्टी नीट गुंडाळून खिशात ठेवली, जणू हे असंच व्हायचं होतं. अठ्ठावन्नपैकी त्रेचाळीस जगले. शेवटची पट्टी सुटली तेव्हा दहा वाजून गेले होते.

मॅडम मातीच्या हातांनी ऑफिसात गेल्या. पंख्याखाली साहेब बसले होते, शेजारी ओर्कुमा सर, आणि टेबलावर दोन गठ्ठे. एका गठ्ठ्यात त्सेगबा मास्तरांच्या तुकडीच्या वह्या: खाकी कव्हरं, लाल अधोरेखन, पानभर संत्र्याचं झाड तीन रंगांत, मुळांना बाण, खोडाला बाण, डोळा भरण्याच्या पायऱ्या एक ते नऊ. दुसऱ्या गठ्ठ्यात मॅडमच्या तुकडीच्या वह्या, त्यात मातीचे ठसे आणि मधूनमधून एखादी ओळ. साहेब पहिला गठ्ठा कौतुकानं चाळत होते. मॅडमनी सांगितलं, वाफे शंभर पावलांवर आहेत, दोन्ही तुकड्यांतली कुठलीही दोन मुलं बोलवा, चाकू द्या, तुमच्या डोळ्यांदेखत बघा. साहेबांनी खिडकीबाहेरचा चिखल पाहिला आणि म्हणाले, त्याची काही आवश्यकता नाही.

बदलीचा कागद तयारच होता. नदीपलीकडची शाळा, सोमवारपासून. तारीख बघितली तर ती आठ दिवसांपूर्वीची; म्हणजे चौकशी आधी टाइप झाली आणि मग साहेब गाडीत बसले. मॅडमनी कागद वाचला, पुन्हा वाचला. त्यांना मुलं आठवली. परीक्षेला सहा आठवडे होते, आता त्यांना त्सेगबा मास्तरांच्या खुर्चीसमोर बसवतील, आणि त्रेचाळीस रोपं कोणाच्या बागेत जातील हे सांगायला ज्योतिषी नको होता.

साहेबांनी पेन पुढे केलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "बाई, तुम्ही हुशार आहात. पण हे बघा, या वह्यांना शिकवणं म्हणतात. तुमच्या मुलांच्या वह्या मी मंत्रालयात काय म्हणून दाखवू?"

डूसूर मॅडमनी सही केली. मातीचा अंगठा कागदावर उमटला तो त्यांनी पुसला नाही. पेन टेबलावर ठेवलं, वरची वही उचलून ते तीन रंगांतलं झाड एकदा नीट पाहून घेतलं, आणि म्हणाल्या, "या झाडाला संत्री लागली की मला निरोप धाडा, साहेब. नदीपलीकडून टोपली घेऊन येते."