हलगी लावून केलेलं स्वागत

बारामतीच्या विशेष वर्गातली एक स्वमग्न मुलगी आमच्या कळसच्या शाळेत, माझ्या चौथीत येणार होती. आदल्या दिवशी तिची आई भेटून गेली.

"गुरुजी, तिला गोंगाट सोसत न्हाय. आन् पुढं काय हाय ते आधी कळाया लागतं. हितं जमलं न्हाय, तर ती घरीच बसंल."

मी मान डोलावली. मान डोलावणं मला छान जमतं.

आमच्याकडं नवा साहेब येऊ दे नाहीतर सोसायटीत कुणी निवडून येऊ दे, सत्कार ठरलेला. मग या पोरीनंच काय घोडं मारलंय? सकाळी फाटकात हलगीवाला उभा केला, पोरांना टाळ्यांना लावलं आणि गुलाबी फेटा घेऊन स्वतः पुढं सरसावलो.

पोरीनं कान दाबले, किंचाळली आणि आल्या वाटेनं पळत सुटली. आई तिच्यामागं. हलगीवाला मला विचारतोय, "गुरुजी, थांबू का अजून वाजवू?"

संध्याकाळी तोंड पाडून त्यांच्या घरी गेलो.

"काल मी कुणाशी बोलत हुते, गुरुजी?" आई म्हणाली.

"माझ्याशीच, ताई. पण मी सत्काराच्या तयारीत होतो."

तिनं कागद पुढं केला. "उद्याचं सगळं लिवून द्या."

मी लिहिलं : परिपाठ, मराठी, गणित, खिचडी, खेळ. प्रत्येकापुढं चित्र. खिचडी शेणाच्या पाटीसारखी दिसत होती. शेवटी लिहिलं, 'हलगी नाही.' पोरीनं ओळीओळीवरून बोट फिरवलं आणि शेवटची ओळ दोनदा मोठ्यानं वाचली.

दुसऱ्या दिवशी ती आली. आई फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली बसून राहिली. गणिताच्या तासाला मी सवयीनं माझ्या लग्नातल्या फजितीची गोष्ट सुरू केली, तर पोरगी उठून माझ्यासमोर आली, कागदावर बोट ठेवलं. "गणित."

"व्हय गुरुजी, गणित!" सगळा वर्ग ओरडला आणि लगेच तिच्याकडं बघून गप्प झाला.

वेळापत्रक पाळा म्हणून साहेब लोकांनी माझ्यापुढं हात टेकले होते. या पोरीनं मला एका बोटानं सरळ केलं. तेव्हापासून रोज शाळा सुटताना उद्याचा कागद लिहून तिच्या हातात देतो.

आई रोज लिंबाखाली बसायचीच. महिन्याभरानं एकदा सकाळी तिथं कुणीच दिसेना. मी घाबरलो. वर्गात धावलो, तर पोरगी आपल्या जागेवर. समोर माझा कागद, आणि खेळाच्या खाली तिच्या अक्षरात एक ओळ जास्तीची :

'आई घरी.'