राहायचा कागद

मंगळवेढ्याहून सोलापूरला जाणाऱ्या एसटीत एक मावशी माझ्या शेजारी बसली होती. मी कॅनडाला शिकायला निघाले होते आणि मांडीवर फाइल उघडून रडवेली झाले होते. कोर्स दोन वर्षांचा, व्हिसा मात्र वर्षभरात संपत होता. त्या काळजीनं घरी आई सकाळपासून जेवली नव्हती.

"काय झालं गं पोरी?"

मी सांगितलं. तिनं पदराला हात पुसले, माझा पासपोर्ट जपून घेतला आणि व्हिसावर बोट ठेवलं.

"ह्यो आत जायाचा कागूद. तितं ऱ्हायाचा येगळा असतुय, स्टडी परमिट. तितं उतरल्यावर विमानतळावर देत्यात. त्याच्यावरची तारीख बघायची. माज्या लेकीचा व्हिसा कवाच संपलाय, पर शिकती की तितं!"

"मग ती घरी येते का, मावशी?"

"आली तर परत जायाला नवा व्हिसा लागंल. म्या म्हनलं, शिक्षण उरकूनच ये." ती हसली. "फोनवर दिसती की रोज. लई गुटगुटीत झालीया."

लेकीसाठी तिनं हे परके शब्द आपलेसे केले होते. सोलापूर स्टँडवर ती गर्दीत दिसेनाशी झाली. नाव विचारायचं राहिलंच. मी तिथूनच आईला फोन लावला आणि तिच्याच शब्दांत सगळं समजावलं. आई म्हणाली, "थांब, आता दोन घास खाते."