तारेखालची घूस

नव्वद सालच्या आसपास आम्ही नवीन पनवेलला बैठ्या घरात राहायला गेलो, तेव्हा मी दुसरीत होते. आईनं मागच्या अंगणात रताळ्यांचे वेल लावले. एका सकाळी पाहतो तर वेल उपटलेले, माती उकरलेली आणि रताळी गायब. आईची नजर सरळ तारेच्या कुंपणापलीकडे गेली. तिथं एक मुसलमान बाई एकट्याच राहायच्या; सगळे त्यांना खाला म्हणायचे. नवरा आखातात नोकरीला. आदल्याच संध्याकाळी त्यांच्या घरातून रताळी उकडल्याचा वास आला होता.

"बाजारातून आणली असतील," बाबा म्हणाले.

"बरोबर कालच?" आई म्हणाली.

तेव्हापासून शाळेतून आले की आई मला स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसवायची. खालांवर लक्ष ठेवायचं. पण खालाही त्यांच्या खिडकीत येऊन माझ्याकडेच बघत राहायच्या. मी मान वळवली की त्याही वळवायच्या. मला त्यांची भीतीच वाटायला लागली.

एकदा दिवेलागणीला कुंपणाखालची माती हलली. ढेकळं उडाली, मग मिशा, टोकदार तोंड आणि मांजराएवढं काळपट अंग वर आलं. मी किंचाळले.

"अगो, घूस हाय ती!" खाला ओरडल्या.

आई बाहेर धावली. खाला तारेपाशी आल्या. "माजी पलीकडल्या अंगाला लावलेली रताळीपन गेली. मला वाटलं, तुमची पोर उकरते. म्हणून राहिलेली सगळी काढून उकडून टाकली."

आईचे कान लाल झाले.

रविवारी बाबांनी कुदळ घेतली. बिळाचं एक तोंड आतून मातीनं बुजवलेलं होतं. "आत गेली की घूस असं दार लावून घेते," ते मला म्हणाले. पुढं बोगद्याला फाटे फुटलेले आणि शेवटी घमेल्याएवढी पोकळी. घूस दुसऱ्या तोंडानं केव्हाच पसार झाली होती. पोकळीत कुरतडलेली रताळी होती आणि भुईमुगाच्या शेंगांचा ढीग.

शेंगा आमच्या नव्हत्या. खालांच्याही नव्हत्या. मग आईला आठवलं, समोरच्या काकू ओट्यावर शेंगा वाळत घालतात. आणि हल्ली त्या आमच्याशी बोलत नाहीत.

आई आणि खाला सुपात शेंगा भरून निघाल्या, मागून मी. काकूंनी सगळं ऐकून घेतलं, शेंगा खालीवर करून पाहिल्या.

"घूस म्हणता," त्या म्हणाल्या. "मग इतक्या कमी कशा?"