रुमालाखालचा हात

बाजाराच्या दिवशी दुपारी मुरुमच्या बैलबाजारात पोलिसांनी माझ्या भावाला अटक केली. अटक करताना त्यांचा खांदा निखळला. त्यानंतर त्यांच्या उजव्या हाताची बोटं बधिर झाली.

भावाला मी अण्णा म्हणायचे. आमची बाजू कर्नाटकाला लागून आहे, त्यामुळं आमच्याकडं दादापेक्षा अण्णा जास्त. ते माझ्याहून बरेच मोठे होते. वडील गेल्यावर माझं शिक्षण त्यांनी केलं आणि मी हायस्कुलात मराठी शिकवायला लागल्यावर घरात मला 'बाई' म्हणायलाही त्यांनीच सुरुवात केली. ते हेडी होते. म्हणजे बैल विकत घ्यायचे, काही दिवस सांभाळायचे, चारापाणी करून अंगानं भरवायचे आणि पुन्हा विकायचे. या धंद्यात माणूस फार बोलत नाही. किंमत तर तोंडानं बोलतच नाही. घेणारा आणि देणारा समोरासमोर उभे राहतात, उजवे हात एकमेकांच्या हातात देतात आणि वर रुमाल टाकतात. मग रुमालाखाली बोटं धरायची, दाबायची, सोडायची. आकडा बोटांत असतो. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला तो कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच तर रुमाल.

या पद्धतीचे दोन नियम आहेत. सौदा चालू असताना हात काढायचा नाही; ज्यानं हात काढला, त्यानं सौदा मोडला. आणि रुमालाखाली झालेला आकडा दोघांनी मिळून सांगायचं ठरवल्याशिवाय तिसऱ्याला सांगायचा नाही. हे कुठं लिहिलेलं नाही. पण हात काढणारा म्हणून एकदा नाव झालं, की त्या माणसाला बाजारात कुणी रुमाल देत नाही.

अटक बेकायदेशीर होती असं मी तेव्हाही म्हटलं नाही आणि आताही म्हणत नाही. बाजारात जागेवरून झालेल्या एका जुन्या मारामारीची केस होती. अण्णा तारखांना जात नसत. "बैलाला तारीख कळत न्हाय बाई, त्याला येळच्या येळेला वैरण लागती," असं म्हणून ते टाळायचे. कोर्टानं वॉरंट काढलं. पोलीस ते घेऊन बाजारात आले, कारण अण्णा बाजाराच्या दिवशी तिथं सापडणार हे साऱ्या मुरुमला माहीत होतं.

त्या वेळी अण्णांचा हात रुमालाखाली होता. अण्णांची एक देवणी बैलांची जोडी विकायला होती, आणि समोर घेणारा, सीमेपलीकडच्या आळंदकडचा एक शेतकरी. दोन पोलीस होते. त्यातला तरुण शिपाई आमच्या भागातला नव्हता. पुढं चौकशीत तो म्हणाला, की मी यांना हात बाहेर काढायला सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं, यांनी काढला नाही. हे खरं आहे. अण्णांनी डावा हात वर केला, पंजा उघडा ठेवून. शिपायानं रुमालातल्या हाताला धरून पिरगाळलं, त्यांना खाली पाडलं आणि पाठीवर गुडघा दिला. शेतकरी गर्दीत नाहीसा झाला. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं. त्यात बैलांच्या घुंगरमाळांचा आवाज आहे, माणसांचा ऐकू येत नाही.

दवाखान्यात खांदा बसवल्यावर अण्णा शुद्धीत आले, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "हात कुनी काढला?"

मला वाटलं, ते शिपायाबद्दल विचारताहेत. वहिनींना कळलं. त्या म्हणाल्या, "ते बघायला आमी हुतो का तिथं? पडा गप."

चित्रण दोन दिवसांत सगळ्या जिल्ह्यात फिरलं. एकच दृश्य, आणि बघणारे दोन प्रकारचे. वर गेलेला डावा पंजा काहींना 'थांबा' म्हणणारा दिसला, काहींना अंगावर उगारलेला दिसला. शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी आले की विषय बंद व्हायचा. मीच एकदा म्हटलं, बोला, मला चालतं. गणिताच्या सरांचा पुतण्या पोलिसात आहे. ते म्हणाले, "बाई, राग मानू नका. पण त्या पोरानं काय समजायचं? रुमालाखाली चाकू असता तर? आज त्याच्या फोटोला हार घालायची पाळी आली असती."

"चाकू नव्हता सर."

"नव्हता हे मागाहून कळलं."

खेळाचे सर म्हणाले, "बरं, पाडेपर्यंत धरा तुमचं बरोबर. पाडल्यावर तर दोन्ही हात दिसत होते. मग गुडघा कशाला?"

"तुम्ही कबड्डीत पाडलेला गडी लगेच सोडता व्हय?" गणिताच्या सरांनी विचारलं.

"कबड्डीत शिट्टी असते. इथं शिट्टी कोण वाजवणार ते सांगा."

सगळे हसले. मीही हसले. त्या सगळ्या महिन्यांत ऐकलेल्या वाक्यांपैकी हे एक मला अजून आठवतं. तेवढ्यात तास झाल्याची घंटा वाजली.

बाहेर मात्र बोलणं संपत नव्हतं. एका बाजूनं शिपायाला निलंबित करा म्हणून निवेदन गेलं. दुसऱ्या बाजूनं पोलिसांचं मनोबल खच्ची करू नका म्हणून गेलं. एक दिवस बाजारपेठ बंद राहिली. दोन्ही बाजूंना अण्णांची गरज होती. एकांना हात गळ्यात बांधलेले अण्णा हवे होते, दुसऱ्यांना जुन्या केसमधले. काही पुढारी घरी आले. वहिनींनी चहा दिला आणि सांगितलं, "चहा घ्या, पन फोटू न्हाय." एकानं अण्णांना तहसीलसमोरच्या मंडपात येऊन बसायची विनंती केली.

अण्णा म्हणाले, "जोडीसारखा बांधून बसवता व्हय मला? लोक दात उघडून वय बघतील."

आलेल्यांना हसावं की नाही ते कळलं नाही.

चौकशीला वरचे एक अधिकारी विश्रामगृहावर आले. अण्णांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मला सोबत बसू दिलं. अधिकारी शांत होते, मुद्द्याचं विचारत होते. रुमालाची पद्धत त्यांनी नीट समजून घेतली. मग म्हणाले, "हे सोपं आहे. तुम्ही मला आकडा सांगा. तो शेतकरी सापडला की त्याला वेगळं विचारतो. दोन्ही आकडे जुळले, तर सौदा चालू होता आणि हात रिकामा होता, हे मी लिहून देतो. वाद संपला."

मला ते पटलं. वर्षानुवर्षं पुस्तकं वाचून जो पुरावा मला सुचला नव्हता, तो त्यांनी एका वाक्यात काढला होता.

अण्णा म्हणाले, "साहेब, त्यो आकडा माझ्या एकट्याचा न्हाय."

"दुसरा माणूस इथं नाही. तुमच्यापुरतं सांगा."

"सौदा मोडला का ऱ्हायला, हेच अजून ठरलं न्हाय. तवर कसा सांगू?"

"न सांगितलंत तर तुमचंच नुकसान आहे."

"व्हय साहेब."

अधिकाऱ्यांनी लिहिलं, की संबंधितानं उत्तर दिलं नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अण्णा, ते तुमच्याच बाजूनं विचारत होते."

"तू वर्गातला पेपर परीक्षेच्या आदी सांगतीस का?"

"हा काय पेपर आहे का?"

"मंग काय हाय?"

 आम्ही घराकडं निघालो.

अण्णांनी चौकशीत उत्तर दिलं नाही, हे बाहेर फुटलं. आता कालपर्यंत अण्णांच्या बाजूनं बोलणारेही विचारू लागले, की लपवायचं नव्हतं तर सांगायला काय झालं. त्या शेतकऱ्याला शोधणं एवढंच मला सुचलं. सुट्टीच्या दिवशी मी आळंदकडच्या बाजारांना जाऊ लागले. तिथल्या हेड्यांना अण्णा माहीत होते. मला खुर्ची द्यायचे, चहा सांगायचे. त्या माणसाबद्दल विचारलं की म्हणायचे, "असंल कुनीतरी, अक्का." पोलिसांच्या कामात साक्षीला कोण आपणहून उभं राहणार? मला त्यांचा राग आला नाही.

अण्णा खांदा बरा झाल्यावर पुन्हा बाजारात जायला लागले. पण उजव्या हाताच्या बोटांत जाण परत आली नाही. समोरच्यानं दाबलेलं त्यांना कळायचं नाही. एकदोनदा त्यांनी रुमाल टाकून पाहिला आणि आकडा चुकला. मग ते नुसते बाभळीखाली बसून येणारी-जाणारी जनावरं बघायचे. मला म्हणाले, "कान गेल्यागत झालंय." आणखी एकदा, जेवताना, ताटाकडं बघत म्हणाले, "त्यानं पिरगाळलं तवा माझाच हात निसटला असंल. मला आठवंना. लोक तोंडावर बोलत न्हाईत, पन म्हनत असतील, म्हाताऱ्यानं हात काढला."

गावात ज्यावर वाद चालला होता आणि अण्णांना जे खात होतं, त्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या, हे मला तेव्हा कळलं. गाव विचारत होतं, हातात काय होतं. अण्णा विचारत होते, हात कुणाचा सुटला.

पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी ते जेवून लवंडले आणि उठले नाहीत. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. संध्याकाळपर्यंत चौकात फलक लागला, त्यावर अण्णांचा फोटो आणि खाली 'पोलिसी अत्याचाराचा बळी'. मी जाऊन तो काढायला सांगितला. लावणारा मुलगा माझा विद्यार्थी होता. म्हणाला, "बाई, तुमच्यासाठीच लावलाय."

"ते कशानं गेले ते मला माहीत नाही. तुला माहीत आहे का?"

त्यानं फलक उतरवला. दुसऱ्या बाजूच्या लोकांनी हे माझं मत म्हणून सांगितलं, की बहीणच म्हणते पोलिसांचा संबंध नाही. मी तसंही म्हटलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर, घरातली पाहुणेमंडळी परतल्यावर, एक वयस्क माणूस दारात आला. चपला बाहेर काढून उंबऱ्याच्या आतच बसला. म्हणाला, "अक्का, मी त्यो देवणी जोडी घेनारा. आळंदकडला."

वहिनींनी पाणी दिलं. त्यानं तांब्या घेतला, पण प्यायला नाही. विचारलं, "अण्णांच्या जागी हात द्यायला घरात बोटं जाननारं कोन हाय?"

वहिनींनी माझ्याकडं हात केला. पाढे यायच्या आधी मला अण्णांनी बोटं शिकवली होती. घरातला हा जुना खेळ होता. आईला कळू न देता उद्या जत्रेला जायचं की नाही, हे आम्ही फडक्याखाली ठरवायचो.

"त्यांचा रुमाल हाय का?"

रुमाल खुंटीवर होता. वहिनींनी आणून दिला. तो माणूस पुढं सरकला, माझा उजवा हात हातात घेतला आणि वर रुमाल टाकला. त्याची बोटं जाड आणि कोरडी होती. त्यानं माझी बोटं धरली, दाबली, सोडली, पुन्हा धरली. मला आकडा कळला.

"हे अण्णांचं शेवटचं मागनं," तो म्हणाला. "मला पटलं हुतं. मी व्हय म्हननारच हुतो. तेवढ्यात त्यो पोलीस आला. मी भ्यालो. हात मी काढला, अक्का. अण्णांनी न्हाय. त्यांनी माजी बोटं लई घट धरली हुती. मला वढून काढावी लागली."

वहिनी म्हणाल्या, "एवढं सांगायला मानूस जाईपर्यंत थांबलात व्हय?"

"व्हय," तो म्हणाला.  मग पाणी प्यायला.

साक्ष द्यायला तो आपणहून तयार झाला. आम्ही दोघं त्याच अधिकाऱ्यांकडं गेलो. त्यानं सांगितलं, की अण्णांचा हात रिकामा होता, कारण तो आपल्या हातात होता. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मग आकडा विचारला.

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "अण्णांनी सांगितला न्हाय. मग मी कसा सांगू साहेब?"

अधिकाऱ्यांनी पेन खाली ठेवलं. मला विचारलं, "बाई, तुम्हाला माहीत आहे?"

"आहे."

"मग?"

मी म्हटलं, "अण्णा तर गेले. जुळवायला दुसरा आकडा आता कुणाचा घेणार?"

त्यांनी पेन पुन्हा उचललं. मग त्यांनी पुढचं लिहिलं आणि आमच्या सह्या घेतल्या. मी सही केली, त्या माणसानं अंगठा दिला.

त्या शिपायाची बदली झाली आहे. तो आता कुठं आहे मला माहीत नाही. रुमालाखालच्या हाताकडं बघून त्याला भीती वाटली असेल, हे मी समजू शकते. माणूस जमिनीवर पडल्यावर ती भीती संपायला हवी होती, असंही मला वाटतं. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते कुठल्याच निवेदनात मावलं नाही. गावात आता दुसऱ्या विषयावर वाद चालतो.

चौकशीचा निकाल अजून आलेला नाही. ती जोडी अण्णा असतानाच विकली गेली होती. आळंदकडचा माणूस बाजारात भेटला की विचारतो, काही आलं का, आणि मी नाही म्हणते. आकडा आम्हा दोघांना माहीत आहे. वहिनी रुमाल धुतात आणि परत त्याच खुंटीवर टांगतात.