तडी, पाणी गळू दे

पूर आला त्या दिशी आक्काच्या स्लॅबवर आमी एवढीच हुतो: आक्का, मी, माझी सून रेखा आन माझी शेळी. माझा ल्योक दत्ता सकाळी हुता, मग न्हवता.

आक्का माझी नात्यातली न्हवं. जैनाची बाई, येदगंगा नदीच्या काठाला आमच्या गावात तिची तंबाखूची शेती. मी तिच्या रानात मजुरीला. तिचं नाव मी कवा घेतलं न्हाय, आता बी घेत न्हाय. समदं गाव आक्काच म्हणायचं.

तिची सवय सांगते, म्हंजे बाई तुमास्नी दिसंल. घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं धरायची, पाणी वतायची आन वाट बघायची. कुणी घाई केली की म्हणायची, "तडी, पाणी गळू दे." तडी म्हंजे कानडीत थांब. दारात भांडण आलं तरी तडी. पोरगा बेळगावासनं फोनवर वरडला तरी तडी.

गाळून झालं की फडक्यावर जे बारीक जीव ऱ्हायलेत, त्यास्नी थोड्या पाण्यानं तांब्यात उतरवायची आन तांब्या दोरीनं हिरीत सोडायची. वरनं वतायची न्हाय. तांब्या पाण्याला टेकला, की मग हळू कलता करायची. त्यांच्यातली रीत हाय ती. गावात नळ आला तवा तिनं पाणी सोडणाऱ्या गड्याला विचारलं, "ह्ये पाणी कुठलं रं?"

"नदीचं, आक्का."

मग काय, नळाचं गाळलं की तांब्या घेऊन नदीला. मी म्हटलं, "टाक की मोरीत!" तर म्हणती, "त्यांचं घर मोरीत हाय व्हय गं?"

आता ह्ये बी सांगाय पायजे. आमी बुद्धवाड्यातली. रानात तान लागली की आक्का पाणी द्यायची, पर वरनं. आमी वंजळ धरायची, तिनं उभ्यानं वतायचं. कवा वंगाळ बोलली न्हाय. पर तांब्या कवा हातात दिला न्हाय.

पुराच्या दिशी नदी उजाडताना गावात शिरली. आमचं घर पत्र्याचं, खालच्या अंगाला. तिचं स्लॅबचं. तिनंच मला हाक मारली, "इठे, वर या समदी." हिरीच्या पाण्याच्या घागरी आमी वर चढवल्या. गोठ्यात तिची गाय दाव्याला बांधलेली ऱ्हायली. आक्का दत्ताला म्हणली, "बाळ, नुसतं दावं काप. मुकं जनावर बांधल्या जागी मरंल."

दत्ता उतरला. कमरंएवढं पाणी हुतं. गोठ्याकडं वळला तसं छातीला लागलं. जरा येळानं गोठ्याची भिंत पडली. गाय पवत जाताना दिसली. दत्ता दिसला न्हाय.

रेखा वरडून वरडून खाली बसली. मी वरडले न्हाय. माझा नवरा गेला, एक पोरगी गेली, तवा बी वरडले न्हाय, मला वरडायची सवय न्हाय. कठडा धरून पाण्याकडं बघत ऱ्हायले. एखादं लाकूड व्हावत आलं की दत्ताच वाटायचा.

आन आक्का? तिनं घागर वढली, फडकं काढलं आन पाणी गाळाय बसली!

मी म्हटलं, "तुझ्या गाईपायी माझा ल्योक गेला, आन तू पाणी गाळतीस?"

"तडी, इठे."

"तडी नगं सांगू मला!"

तिनं पाणी गाळलं. एक पेला रेखाला दिला, एक माझ्याम्होरं ठेवला. मग तांब्या दोरीला बांधून कठड्यावरनं वाकली. घरामागं परड्यात हीर जिथं हुती, तिथं आता नुसतं तांबडं पाणी. त्यात नेमकं त्या जागी तांब्या सोडाय लागली.

माझ्या तोंडातनं गेलंच. "किड्यास्नी वाकून घरी पोचवतीस. आमास्नी जल्मभर वरनं वतलंस."

दोरी थांबली.  आक्का माझ्याकडं वळली.

"व्हय," म्हणली. मग म्हणली, "दत्ताला आणणं माझ्या हातात न्हाय गं. ह्ये हाय. धर."

आन फडक्याची टोकं माझ्या हातात दिली.

तिनं वतलं, मी रागानं फडकं ढिलंच धरलं. पाणी भायेर सांडलं. "घट धर," आक्का म्हणली, "ढिलं धरलंस तर गाळून काय उपेग?" दोनी हात गुतले की छाती बडवता येत न्हाय. डोळं फडक्यावर ठेवाय लागतात. घागरीत थेंब पडायचा, त्यो ऐकत ऱ्हायले. पूर तसाच वाजत हुता. दत्ता तसाच न्हवता. पर पाणी गळंस्तवर माझ्या मनानं त्याला मारलं न्हाय. त्याच्या आधी घडीघडीला मारत हुतं.

मी विहारात जाते, डोळं झाकून बसते. पर मन बसणं म्हंजे काय, ते मला त्या स्लॅबवर कळलं. घागर सरली की आक्का गाळलेलंच पाणी परत गाळाय घ्यायची. कशाला, म्हणून मी विचारलं न्हाय.

दिवस मावळला आन मग बोट आली. बोटीत दत्ता! भिंत पडली तवा व्हावत जाऊन चिंचंच्या फांदीला घावला हुता. वर आला, वठ निळं पडल्यालं. "आई, पाणी."

आक्कानं तांब्या भरला. दत्ता सवयीनं वंजळ करून वाकला.

"सरळ हो की रं," आक्का म्हणली. "हातात घे. तोंड लाव."

त्यो प्याला. मी म्हटलं, "आक्का, तू बी पी आता."

"दिवस मावळला न्हवं. मावळल्यावर आमच्यात पाणी घेत न्हाईत."

तवा माझ्या ध्येनात आलं. दिवसभर आमास्नी गाळून दिलं, सवता एक घोट घेतला न्हवता.

"का गं?"

"त्यो येईस्तवर पाणी प्यायचं सोडलं हुतं."

"मग आला की!"

"आला. पर दिवस थांबला न्हाय त्याच्यासाठनं," म्हणली आन हसली. कोरड्या वठानं हसली.

बोटीनं आमास्नी वरच्या शाळंत नेलं. सकाळी दिवस उगवला तवा मी पाणी गाळलं आन तांब्या तिच्याम्होरं धरला. तिनं माझ्या हातातनं घेतला, तोंड लावलं आन खाली ठेवलाच न्हाय, सरंस्तवर.

आक्का आता न्हाय. पोरं बेळगावात, घराला कुलूप. फडकं माझ्याकडं हाय. दत्तानं फिल्टर बसवलाय, तरी जीव घाबरा झाला की मी गाळाय बसते. रेखा हसती. हसू दे.

पर गुडघं गेल्यात माझं. नदीची पायरी उतरवत न्हाय. तवा वाचणाऱ्यांनो, एवढं करा. आमच्या गावावरनं कोण नदीकडं जात असला, तर माझ्या दारातला तांब्या घेऊन जावा. वरनं वतू नगा. वाकून सोडा.