कडी लावून घेणारा कारकून

वाशीतल्या आमच्या करसल्लागारांकडे एक कारकून होता. तोंडातलं पेनाचं टोपण काढल्याशिवाय बोलायचा नाही, आणि ते सहसा काढायचा नाही. पहिली दोन वर्षं मला तो शिष्टच वाटायचा.

जुईनगरच्या मागे माझी अळंबीची शेड होती. आयकराचे साहेब तिला साधी इमारत म्हणत होते, म्हणजे घसारा कमी आणि कर जास्त. माझं म्हणणं, ही शेड यंत्रच आहे; तिच्याशिवाय पीकच येत नाही. आमचे सल्लागार म्हणाले, "सोडून द्या, कशाला टेन्शन?"

सुनावणीआधीच्या रविवारी तो कारकून एकटाच शेडवर आला. चपला बाहेर काढून आत गेला. "ताई, भायेरून कडी लावा. अर्ध्या तासानं उघडा."

आत अंधार, टांगलेल्या ओल्या पेंढ्याच्या पिशव्या आणि गुदमरवणारी वाफ. कडी काढली तेव्हा तो घामानं निथळत होता, खोकत होता. चपला घालून निघून गेला.

सुनावणीत साहेब म्हणाले, "उद्या या शेडचं गोदाम कराल. राहायलाही द्याल."

सल्लागार कागद चाळत राहिले. मागे बसलेल्या कारकुनानं टोपण काढलं.

"साहेब, मी आत बसून आलोय. तितं मानूस टिकत नाय, सामान टिकत नाय. फकस्त अलंबी टिकते."

साहेबांनी मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी मी टोपलीभर अळंबी घेऊन गेले. त्यानं टोपण काढलं.

"नको ताई. तो वास अजून नाकात हाय."