आधी वाचून दावा
वडूजच्या त्या बाई भावाला रक्त चढवायला आमच्या सांगलीच्या दवाखान्यात आणत. खुर्ची दिली तरी उभ्याच राहत आणि हातात आलेल्या प्रत्येक कागदाची मागची बाजूही निरखत.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी डॉक्टर म्हणाले, "ह्याच्या हाडातला मगज रक्त बनवत नाही. तो बदलण्याआधी द्यायची जबर औषधं ह्याला सोसणार नाहीत, पण आता मुंबईत सौम्य औषधांवरही बदलतात."

मगज बहिणीचाच जुळला. मगज देण्याच्या संमतीचा कागद मी त्यांच्यापुढे केला.

"आधी वाचून दावा."

मी धोक्यांसकट वाचू लागलो. भाऊ म्हणाला, "आक्का, कर की सही."

"रानावरचा हक्क सोडला, तवाबी तू असंच म्हणला हुतास. ह्ये मी समजून देणार हाय."

सगळं ऐकून त्यांनी सही केली. आडनाव माहेरचं लिहिलं. मी दुरुस्त केलं नाही.